इंग्रजी-स्पॅनिश वाक्प्रचार आणि गमतीची घोषवाक्यं: नव्याने शिकणाऱ्या बडोदेकरांसाठी

28 ऑक्टोबर 2024 रोजी बडोद्यातल्या टाटांच्या विमान कारखान्याचं उद्घाटन झालं, तेव्हा नरेंद्र मोदींबरोबर स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेथ आले होते. हवाई दलासाठी 56 सी-295 विमानं घ्यायची, त्यांतली 16 स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार यायची आणि उरलेली 40 इथे बांधायची, असा एअरबसशी झालेला करार. तेव्हापासून दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतही 'स्पॅनिश शिकावी का?' हा प्रश्न कानावर येतो. शिकावी, नक्की शिकावी. व्याकरण क्लासमध्ये मिळेल, शब्द फोनवर मिळतील. पण वाक्यातला एकेक शब्द कळला आणि तरी समोरचे सगळे का हसले ते कळलं नाही, अशी वेळ येतेच. हा लेख त्या वेळेसाठी.

उच्चारांबद्दल एक सूचना. स्पॅनिश वाक्यं इथे देवनागरीतच दिली आहेत. 'थ' दिसेल तिथे जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून, इंग्रजी 'थिंक'मधल्यासारखा उच्चार करा. तो स्पेनचा उच्चार. लॅटिन अमेरिकेत त्याच जागी सरळ 'स' म्हणतात. स्पेलिंगमधला 'एच' कधीच बोलत नाहीत आणि 'व्ही'चा उच्चार 'ब' होतो. एवढ्यावर काम भागतं.

पहिली पायरी: मधल्या इंग्रजीला बाजूला करा

आपल्याकडे स्पॅनिश शिकवली जाते ती इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजी, ॲप इंग्रजी, शिक्षकाचं स्पष्टीकरण इंग्रजी. त्यामुळे स्पॅनिश वाक्प्रचार दिसला की आपण आधी त्याला इंग्रजी जोडीदार शोधतो आणि मग त्या इंग्रजीचं मराठी करतो. साध्या वाक्यांना हे चालतं. थट्टेच्या वाक्यांना चालत नाही, कारण थट्टा दुसऱ्या मुक्कामापर्यंत पोचता पोचता विरून जाते. आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा मराठीच जास्त जवळची असते.

'आथेर्से एल स्वेको' घ्या. शब्दशः, स्वीडनचा माणूस बनणे. काम सांगितलं की ऐकू न आल्यासारखं करायचं, पैसे मागितले की कसले पैसे म्हणून बघत राहायचं. इंग्रजीत याला 'प्ले डम्ब' म्हणतात, अर्थ बरोबर आहे, सोंगही आहे, पण परकं ठिकाण नाही. मराठीत काय म्हणतो आपण? वेड पांघरून पेडगावला गेला. सोंग आलं, परकं ठिकाण आलं, आणि बोलणाऱ्याच्या ओठावरचं हसूही आलं. एकदा ही जोडी लागली की पुन्हा विसरणं शक्य नाही.

दुसरं, 'आ ब्वेनास ओरास, मांगास बेर्देस', म्हणजे 'बरी वेळ साधलीत, हिरव्या बाह्यांनो!' इसाबेल आणि फर्नांदो या राजाराणीने 1476 मध्ये 'सांता एर्मांदाद' नावाचं सशस्त्र दल उभं केलं. रस्त्यावरच्या चोरदरोडेखोरांचा बंदोबस्त करायला. त्यांच्या गणवेशाच्या बाह्या हिरव्या होत्या आणि गुन्हा उरकल्यावर उगवण्याबद्दल त्यांची ख्याती होती, असं सांगतात. मदत उशिरा आली की आजही स्पेनमध्ये हेच ऐकवतात. इंग्रजीत 'टू लिटल, टू लेट' आहे, कोरडं आणि बरोबर. मराठीत वरातीमागून घोडं आहे.

'दार कालाबाथास', भोपळे देणे. मुलीने मुलाला नकार दिला की तिने त्याला भोपळे दिले. पूर्वी परीक्षेत नापास करण्यालाही हेच म्हणत. आपल्याकडे परीक्षेत भोपळा मिळतो, आणि नोकरीवरून काढलं तर हातात नारळ मिळतो. दोन्ही मराठी वाक्प्रचार जवळ आहेत, पण एकही पूर्ण जुळत नाही: नारळात प्रेम नाही आणि आपल्या भोपळ्यात शून्याचा आकार आहे. वहीत लिहिताना हा फरकही लिहा. 'जवळ, पण प्रेमप्रकरणात नाही' अशी टीप नुसत्या भाषांतरापेक्षा उपयोगी पडते.

बडोद्याच्या मराठी माणसाला हे जड जाऊ नये. घरात 'गाढवापुढे वाचली गीता' आणि गल्लीत 'भेंस आगळ भागवत' ऐकतच आपण वाढलो. गाढवाची म्हैस झाली आणि गीतेचं भागवत झालं, तरी आपल्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. हाच माणूस स्पेनमध्ये डुकरांपुढे फुलं टाकतो: 'एचार मार्गारीतास आ लोस थेर्दोस'. इंग्रजीत डुकरांपुढे मोती टाकतात. फुलं कुठून आली? मूळ वाक्य बायबलमधलं, मत्तयच्या शुभवर्तमानातलं. लॅटिनमध्ये 'मार्गारिता' म्हणजे मोती. आजच्या स्पॅनिशमध्ये त्याच शब्दाचा रोजचा अर्थ डेझीचं फूल. वाक्य तसंच राहिलं आणि चित्र बदललं.

या शहराला एकाच ओळीत अनेक भाषा मांडायची सवय जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, 1931 मध्ये, 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा आठ भाषांचा राज्यकारभाराचा कोश इथेच निघाला. तुमच्या वहीत चार रकाने पुरतील: स्पॅनिश, इंग्रजी, मराठी, गुजराती. चौथा रकाना पुष्कळदा रिकामा राहील, राहू द्या.

दुसरी पायरी: आधी प्रसंग बघा, मग शब्द

'मे एस्तास तोमांदो एल पेलो?' हे कुणी म्हणालं, तर शब्द सांगतात: 'तू माझे केस घेतो आहेस का?' इंग्रज माणूस त्याच वेळी म्हणतो की तू माझा पाय ओढतो आहेस. इथे आपल्या लोकांची एक खास अडचण होते. मराठीत पाय ओढणे म्हणजे कुणाची प्रगती अडवणे, त्याला खाली खेचणे. म्हणून इंग्रजी 'पुलिंग माय लेग' ऐकलेला नवा मुलगा समजतो की समोरचा तक्रार करतोय. खरं तर तो एवढंच विचारत असतो की माझी फिरकी घेतोयस का? केस, पाय आणि फिरकी, तिन्हींचं काम एकच.

म्हणून वाक्य ऐकल्याबरोबर शब्दांकडे धावू नका. तीन गोष्टी टिपा. आत्ताच काय घडलं? कोण कुणाला म्हणालं, वरचा खालच्याला, की बरोबरीचे दोघं? आणि ज्याला म्हटलं तो हसला की गप्प झाला? शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण तीच सांगते की हे वाक्य उद्या तुम्ही वापरू शकता की नाही.

'मेतेर ला पाता', पंजा आत घालणे, म्हणजे नको तिथे नको ते बोलून बसणे. 'सेर पान कोमीदो', खाल्लेला पाव, म्हणजे अगदी सोपं काम. इंग्रजीत तो केकचा तुकडा, आपल्याकडे डाव्या हाताचा मळ. 'कोस्तार उन ओखो दे ला कारा', चेहऱ्यावरचा डोळा जाईल इतकं महाग. इंग्रजीत त्याच किमतीला एक हात आणि एक पाय जातो. 'क्वांदो लास रानास क्रीएन पेलो', बेडकांना केस फुटतील तेव्हा. इंग्रजीत डुकरं उडतात, आपल्याकडे सूर्य पश्चिमेला उगवतो. यांवर फार वेळ घालवू नका. प्रसंग एकदा दिसला की लक्षात राहतात.

थांबण्यासारखा वाक्प्रचार वेगळा आहे, आणि तो आपला आहे म्हणून थांबायचं. 'नो आय तू तीया'. ऐकताना वाटतं, 'तुझी मावशी नाही'. मावशीचा काही संबंध नाही. मूळ शब्द 'तुतीया', डोळ्यांना लावायचं जस्ताच्या भस्माचं जुनं मलम. 'नो आय तुतीया' म्हणजे औषध नाही, आता इलाज नाही. मलम विस्मरणात गेलं, लोकांना शब्द कळेना, आणि त्यांनी त्याचे दोन तुकडे करून त्यात मावशी बसवली. आता पुढचं बघा. स्पॅनिशमध्ये हा शब्द अरबीतून आला, आणि त्याचा माग काढत गेलं की संस्कृत 'तुत्थ' लागतो. आयुर्वेदात तुत्थ म्हणजे मोरचूद. मांडवीतल्या कुठल्याही गांधियाणाच्या दुकानात गुजरातीत मोरचूद मागा, तो 'मोरथुथु' म्हणून पुडी बांधून देईल. त्या थुथूत तोच तुत्थ आहे. पदार्थ बदलला, तांब्याच्या क्षाराचं जस्ताचं भस्म झालं, पण शब्द इथून निघून सेव्हिलपर्यंत गेला. परका वाटणारा वाक्प्रचार असा ओळखीचा निघाला की भाषेची भीती जाते. मला या कामातली सर्वांत मोठी मिळकत तीच वाटते.

तिसरी पायरी: सारखं दिसतं, त्याची दुप्पट तपासणी करा

वेगळं दिसणारं वाक्य आपण शोधतो. सारखं दिसणारं तसंच गृहीत धरतो, आणि तिथेच फसगत होते.

'नो तेनेर पेलोस एन ला लेंग्वा', म्हणजे जिभेवर केस नसणे. मराठी कानाला लगेच 'जिभेला हाड नाही' आठवतं. अर्थ मात्र दूर गेला आहे. आपल्याकडे ज्याच्या जिभेला हाड नाही तो वाटेल ते बरळतो, त्याच्या शब्दाला किंमत नाही. स्पॅनिशमध्ये ज्याच्या जिभेवर केस नाहीत तो भीडभाड न ठेवता खरं बोलतो, आणि पुष्कळदा हे कौतुकानेच म्हटलेलं असतं. एखाद्या स्पॅनिश सहकाऱ्याने तुमच्या ताईंबद्दल असं म्हटलं तर रागावू नका. ते त्यांना स्पष्टवक्त्या म्हणत आहेत.

एकेकट्या शब्दांतही असं होतं. 'कोन्स्तिपादो' म्हणजे स्पेनमध्ये सर्दी झालेला. इंग्रजीच्या आधाराने अर्थ लावाल तर त्या माणसाला इसबगोल सुचवून बसाल.

नाटकवाल्यांसाठी एक खास. आपल्या शहरात मराठी नाटकाचं वेड आहे, म्हणून सांगतो. पडदा वर जाण्याआधी इंग्रजीत नटाला 'ब्रेक अ लेग' म्हणतात, पाय मोड. स्पॅनिशमध्ये म्हणतात 'मूचा मियेर्दा', भरपूर घाण. शब्द असभ्य आहे. प्रेक्षकांच्या घोडागाड्या जितक्या जास्त, तितकी नाटकगृहाबाहेर लीद जास्त, अशी त्याची प्रचलित उपपत्ती आहे. विंगेत ही शुभेच्छा आहे. ऑफिसात कुणाच्या प्रेझेंटेशनआधी परक्याने म्हटलं तर ती शिवीच ठरेल.

शब्दकोश कसा उघडायचा

1713 मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश शाही अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर मोफत बघता येतो. त्यात वाक्प्रचार शोधायची रीत माहीत नसेल तर हाती काही लागत नाही. क्रियापदाखाली शोधू नका, नामाखाली शोधा. 'तोमार एल पेलो' हवं असेल तर 'पेलो' उघडा आणि खाली यादीत जा. 'दार कालाबाथास' मिळेल 'कालाबाथा'मध्ये.

अर्थाच्या आधी छोटी खूण असते, ती अर्थाइतकीच नीट वाचा. 'कोलोक.' म्हणजे बोलीतलं, मित्रांत चालेल. 'देस्पेक्त.' म्हणजे तुच्छतेचं. 'मालसोन.' म्हणजे कानाला वाईट, समजून घ्या आणि तोंडात आणू नका. देशांच्या खुणाही असतात. 'कोखेर' हे क्रियापद स्पेनमध्ये बस पकडायला, पिशवी घ्यायला दिवसभर वापरतात; मेक्सिको आणि अर्जेंटिनात तो संभोगाला वापरायचा असभ्य शब्द आहे. सेव्हिलच्या माणसाकडून शिकलेलं वाक्य मेक्सिकोच्या ग्राहकाशी फोनवर बोलताना म्हणण्याआधी ती खूण आठवा.

चौथी पायरी: घोषवाक्य म्हणजे वेगळा प्रकार

वाक्प्रचार सगळ्यांचा असतो, पिढ्यान्पिढ्या वापरून गुळगुळीत झालेला. घोषवाक्य एका दिवसासाठी, एका भिंतीसाठी, एका कुणाला उद्देशून केलेलं असतं. म्हणून त्याला शब्दकोश पुरत नाही. घोषवाक्य दिसलं की त्यात दोन अर्थांनी उभा असलेला शब्द शोधा. बहुतेक वेळा एकच असतो, आणि तो सापडला की कुलूप उघडतं.

15 मे 2011 ला स्पेनमध्ये बेरोजगारी, सरकारी खर्चातली कपात आणि भ्रष्टाचाराविरुद्ध मोठं आंदोलन सुरू झालं, माद्रिदच्या 'पुएर्ता देल सोल' चौकात तरुण तंबू ठोकून बसले. तिथलं एक वाक्य फार गाजलं: 'नो आय पान पारा तांतो चोरीथो'. इतक्या चोरीथोंना पुरेल एवढा पाव नाही. चोरीथो म्हणजे मसालेदार सॉसेज, पावात घालून खायचं. आणि बोलीभाषेत चोरीथो म्हणजे चोर. एका वाक्यात रिकामं ताट आणि खाऊन बसलेले पुढारी, दोन्ही. इंग्रजीत त्याचं भाषांतर केलं की एकच अर्थ वाचतो. मराठी कानाला मात्र 'चोरीथो'त चोर आपोआप ऐकू येतो. तो निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला त्याचा खुशाल फायदा घ्या.

इंग्रजीतलं तसंच मुरलेलं उदाहरण 1978 चं. ब्रिटनमध्ये सत्तेवर असलेल्या लेबर पक्षाविरुद्ध हुजूर पक्षाने पोस्टर लावलं: बेकारांच्या कचेरीबाहेर लांबलचक रांग, वर 'लेबर इझन्ट वर्किंग'. 'लेबर' म्हणजे पक्षही आणि श्रमिकही; 'वर्किंग नाही' म्हणजे कामाला नाही आणि उपयोगाचाही नाही. दोन शब्द, दोघांचेही दोन-दोन अर्थ. 1979 च्या निवडणुकीत हुजूर पक्षाच्या थॅचर निवडून आल्या. स्पॅनिशमध्ये हे वाक्य नेऊन बघा. पक्षाचं नाव आणि श्रमिक हा शब्द जुळवता जुळवताच गंमत सांडते.

याचा सराव करायला परदेशी जायला नको. शेजारच्या आणंदच्या अमूलच्या जाहिराती 1966 पासून हेच करत आहेत. 'अटर्ली बटर्ली डिलिशस'मधला 'बटर्ली' कुठल्या कोशात नव्हता. 'अटर्ली'शी यमक जुळवायला आणि लोणी आत सरकवायला तो घडवला. रस्त्यावर अमूलचं नवं होर्डिंग दिसलं की स्वतःलाच विचारा: दोन अर्थांचा शब्द कोणता, आणि आठवड्यातली कुठली बातमी माहीत नसेल तर हे कळणार नाही? आपल्या ट्रकमागचं 'बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं' वाचलेल्याला ही नजर असतेच. फक्त ती परक्या भाषेवर वळवायची.

दुसऱ्या प्रकारच्या घोषवाक्यात शब्द साधे असतात, पण त्यांच्यामागे जुनं वाक्य उभं असतं. 'कीप काम अँड कॅरी ऑन', म्हणजे 'शांत राहा आणि चालू ठेवा', हे ब्रिटिश सरकारने 1939 मध्ये युद्धकाळासाठी छापलेलं पोस्टर. तेव्हा ते जवळजवळ लावलंच गेलं नाही. 2000 मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात त्याची प्रत सापडली आणि मग जगभर टी-शर्टांवर विडंबनं सुरू झाली, स्पॅनिशमध्येही. 'कीप काम' ठेवून पुढे कुणी झोप घालतं, कुणी फुटबॉल. मूळ ठाऊक नसेल तर त्यात हसण्यासारखं काय, हे कधीच कळणार नाही.

'स्पेन इज डिफरंट' हे तर स्पेननेच 1960 च्या दशकात परदेशी पर्यटकांसाठी इंग्रजीत चालवलेलं वाक्य. आज स्पॅनिश माणूस ते इंग्रजीतच म्हणतो, पण रेल्वे रखडली, कागद हरवला, पुढाऱ्याने काही भलतंच केलं की सुस्कारा टाकून. पाहुण्याने ते म्हणू नये. स्वतःच्या घराला नावं ठेवायचा हक्क घरातल्यांचा.

जाहिराती सीमेपलीकडे नेताना काय होतं त्याचे किस्से इंटरनेटवर ढीगभर फिरतात. सगळे खरे मानू नका. सर्वांत प्रसिद्ध किस्सा शेव्हरोलेट नोव्हाचा: 'नो वा' म्हणजे 'चालत नाही', म्हणून ती गाडी स्पॅनिश देशांत खपली नाही म्हणे. ती मेक्सिकोत आणि व्हेनेझुएलात व्यवस्थित खपली. 'नोवा' आणि 'नो वा' यांत आघात वेगळ्या जागी पडतो, आणि मेक्सिकोच्या सरकारी तेलकंपनीच्या पेट्रोलचंच नाव नोवा होतं. खरं उदाहरण हवं असेल तर मित्सुबिशीची पजेरो घ्या. स्पॅनिशमध्ये तो शब्द अश्लील शिवी आहे, म्हणून स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक स्पॅनिशभाषक देशांत ती गाडी 'मोंतेरो' नावाने विकली गेली. तसंच कॅलिफोर्नियातलं 1993 चं 'गॉट मिल्क?' शब्दशः स्पॅनिशमध्ये नेलं तर बाईला 'तुला अंगावर दूध आहे का?' असं विचारल्यासारखं होतं. म्हणून स्पॅनिश बोलणाऱ्या आयांसाठी मुळापासून वेगळं वाक्य लिहावं लागलं.

बोलायला कुठून सुरुवात करायची

समजणं लवकर येतं, वापरणं उशिरा यावं. पहिले काही महिने नुसतं ऐका आणि वही भरा. मग निरुपद्रवी वाक्यं घ्या, ज्यांत कुणाच्या अंगाला हात लागत नाही. पाऊस हा चांगला विषय. 'योबेर आ कांतारोस', घागरींनी पाऊस पडणे. विश्वामित्री फुगायला लागली की बडोद्यात याचा उपयोग करायला कुणी अडवणार नाही. तसंच 'मे इंपोर्ता उन कोमीनो', म्हणजे मला जिऱ्याच्या दाण्याएवढीही पर्वा नाही. आपण तिळाने मोजतो, ते जिऱ्याने. हे मात्र साहेबांच्या पगारवाढीच्या पत्राबद्दल बोलताना नको.

28 डिसेंबर तारीख लिहून ठेवा. आपण इंग्रजांकडून एक एप्रिल उचलला, पण स्पेनमध्ये लोकांना बनवण्याचा दिवस हा. पाठीवर कागदी बाहुली चिकटवतात, वर्तमानपत्रंही खोट्या बातम्या छापतात. त्या दिवशी सेव्हिलहून काही अचाट निरोप आला तर उत्तर देण्याआधी तारीख बघा.

पहिलं वाक्य म्हणून मी सगळ्यांना एकच सुचवतो, आणि ते आपल्या विमानांच्या गावाचंच आहे: 'एल के से फ्वे आ सेबीया, पेर्दियो सु सीया'. जो सेव्हिलला गेला त्याची खुर्ची गेली. तुम्ही पाणी प्यायला उठलात, परत आलात तर तुमच्या जागी कुणी बसलेला, आणि तो हे ऐकवतो. इंग्रज मुलं 'मूव्ह युअर फीट, लूज युअर सीट' म्हणतात. पंधराव्या शतकात फोन्सेका आडनावाच्या काका-पुतण्या आर्चबिशपांमध्ये सेव्हिलच्या गादीवरून झालेल्या भांडणातून हे आलं, असं सांगतात. काका सेव्हिल सोडून गेला आणि पुतण्या जागा सोडेना. म्हणजे त्या कथेप्रमाणे खुर्ची सेव्हिलला गेलेल्याची नाही, सेव्हिलहून गेलेल्याची गेली. मेक्सिकोत सेव्हिलच्या जागी 'ला बीया' येतं, कोलंबियात बार्रान्कीया. यमक जुळलं की झालं. कँटीनमध्ये कुणी ते तुम्हाला ऐकवलं तर हसून दुसरी खुर्ची ओढा, आणि तो चहा आणायला उठला की त्याच्या जागी बसून तेच वाक्य परत करा.